बुधवारचं घर : माया घेता न येणाऱ्या एका माणसाचं प्रकरण

"ऑपरेशन उत्तम झालंय, हाड जुळतंय, पण माणूस वाळत चाललाय. एकदा जाऊन याल का?" फेब्रुवारी २०२४ मध्ये मिरजेतल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला फोनवर एवढंच सांगितलं. सांगली-मिरज भागात मी ज्येष्ठांच्या घरी जाऊन समुपदेशन करते. त्या घरी पुढच्या पाच महिन्यांत १४ वेळा गेले. कुटुंबाच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि सगळ्यांचा उल्लेख नात्यानेच केला आहे.

अण्णा तेव्हा ७८ वर्षांचे होते. पोस्टातून निवृत्त, पत्नीला जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगा-सून आणि तिसरीतल्या नातीबरोबर राहणारे. डिसेंबरात न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेनंतर वॉकर धरून चालणं सुरू झालं. पण सात आठवड्यांत वजन ५८ किलोवरून ५१ वर आलं. डॉक्टरांनी जे तपासायचं ते तपासलं होतं. थायरॉइड ठीक, बी-१२ ठीक, गिळताना त्रास नाही, कवळी नीट बसते, स्मरणशक्ती शाबूत. नैराश्याचा संशय होता, पण त्याची लक्षणं पुरती जुळत नव्हती. पेपर वाचत, शब्दकोडं सोडवत, बातम्यांवर तावातावाने बोलत.

खाणं मात्र असं : सुनेने ताट आणून समोर ठेवलं की "ठेव, घेतो नंतर." नंतर अर्धी पोळी खाल्लेली, बाकी ताट झाकून परत. घरात कोणी नसलं की वॉकर ढकलत स्वयंपाकघरात जायचं आणि डब्यातले कोरडे पोहे खायचे. रात्री लघवीला उठताना हाक मारायची नाही. त्यात जानेवारीत दुसऱ्यांदा पडले. नशीब, नुसतं खरचटलं. आणि सुनेला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट म्हणजे ताटाखाली निघणारी ५० रुपयांची नोट. पहिल्यांदा तिला वाटलं, विसरले असतील. तिसऱ्या वेळी ती नोट हातात घेऊन ती स्वयंपाकघरात रडली.

ती स्वतः स्टाफ नर्स आहे. पहिल्या भेटीत मला फाटकापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "मॅडम, वॉर्डात चाळीस पेशंट मला सिस्टर म्हणून हाक मारतात. घरात एक माणूस माझ्या हातचं पाणी घेत नाही. मी काय पाप केलं?"

माझी चूक

पहिल्या दोन भेटी मी वाया घालवल्या. नुसत्या वाया नाही, नुकसानही केलं. दुसऱ्या भेटीत अण्णा पत्नीच्या आजारपणाबद्दल बोलता बोलता थांबले. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "फार सोसलंत हो तुम्ही." मनापासून म्हणाले होते. त्यांनी हात काढून घेतला, चष्मा पुसला. "कीव नको. माझं व्यवस्थित चाललंय." पुढची भेट त्यांनी "कंबर दुखते" म्हणून दहा मिनिटांत आटोपली.

मी तर कीव म्हटलंच नव्हतं. घरी येताना हाच शब्द डोक्यात घोळत राहिला. आपल्याकडे एकाच भावनेसाठी किती शब्द आहेत. कीव वरून खाली टाकली जाते. दया थोडी सभ्य, पण तिलाही उंची लागते. कणव पोटातून येते. माया घरातली, तिच्यात हिशेब नसतो. करुणा पोथीत आणि भाषणात जास्त भेटते. मी बोलले कणवेने, अण्णांच्या कानात शिरली ती कीव. हे भाषांतर त्यांच्या आत कुठे आणि कधी बसवलं गेलं, ते शोधायला हवं होतं. त्याआधी मायेचे डोस वाढवत नेण्यात अर्थ नव्हता. घरातले सगळे नेमकं तेच करत होते. "अण्णा, आपलंच घर आहे", "आमचं कर्तव्यच आहे", "तुम्ही आमच्यासाठी किती केलंत". अशा प्रत्येक वाक्यानंतर ते थोडे आणखी आक्रसत.

करुणेचं प्रशिक्षण देणारे अमेरिकेतले क्रिस्टोफर जर्मर आणि क्रिस्टिन नेफ या प्रतिक्रियेसाठी आगीची उपमा वापरतात. बंद खोलीत धुमसत असलेल्या आगीला दार उघडून एकदम हवा मिळाली की भडका उडतो. मायेचा एक शब्द आत गेला की इतकी वर्षं कोंडलेलं दुःख तसंच उसळून येतं, आणि माणूस घाबरून दार लावून घेतो. हात काढून घेताना अण्णांचे डोळे भरले होते, ते मी पाहिलं होतं. पण त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

सात घरं

चौथ्या भेटीत मी काहीच विचारायचं नाही असं ठरवून गेले. नातीच्या गणिताच्या वहीवरून विषय शाळेवर आला, शाळेवरून पुण्यावर. आणि अगदी सहज, पोस्टाच्या गाड्यांचं वेळापत्रक सांगावं तसं, अण्णा म्हणाले, "मी वारावर शिकलो."

तरुण वाचकांसाठी सांगते. गरीब घरातला मुलगा शिकायला शहरात आला की आठवड्याच्या सात वारांना सात घरं ठरवून घ्यायचा. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या. त्याला वार लावून जेवणं म्हणत. घरोघर फिरून शिजवलेलं अन्न मागून आणायचं ती माधुकरी. पुण्यातल्या ब्राह्मण घरांमध्ये ही रीत जुनी होती. तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या मुलं शिकली, त्यातली पुष्कळ पुढे नावारूपाला आली. तिच्याबद्दल आपण बहुधा कौतुकानेच ऐकतो : कष्टातून वर आले, समाजाने हात दिला. ते खरंच आहे. पण बारा वर्षांच्या मुलाला ओसरीवर ताट मांडून बसवल्यावर त्याच्या मनात काय चालत असेल, हे त्या कौतुकात फारसं येत नाही.

वडील गेले आणि १९५८ मध्ये अण्णा कोकणातून पुण्याला आले. एका नातेवाइकाने झोपायला जागा दिली, जेवण वारावर. सात घरं त्यांना अजून क्रमाने पाठ आहेत. मंगळवारी ताक पातळ. गुरुवारी उपासाचं असायचं, म्हणजे बहुतेक भगर. शनिवारचं घर अर्धं वर्ष मिळालंच नाही.

सोमवारचं घर मोठं होतं. तिथे जेवायच्या आधी पाणी भरायचं, जेवल्यावर पानं उचलून जागा सारवायची. कामाचं त्यांना काही वाटलं नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. दहावीत वर्गात पहिला नंबर आला, तेव्हा सोमवारच्या काकांनी पाहुण्यांसमोर उभं केलं आणि म्हणाले, "आमच्या अन्नावर पहिला आला." पाहुणे हसले, कौतुकाने. अण्णा मला म्हणाले, "ताई, तो नंबर त्या दिवशी त्यांचा झाला. माझ्याकडे काही उरलं नाही."

गोष्ट तिथे संपली असती तर कदाचित पुसली गेली असती. पण १९७० नंतर, अण्णा पोस्टात स्थिरावल्यावर, तेच काका पत्ता शोधत आले. भाच्याला पोस्टात चिकटवून द्यायचं होतं. अण्णांच्या हातात तेवढा अधिकार नव्हता, आणि असता तरी त्यांनी तो वापरला नसता. नाही म्हटल्यावर उत्तर मिळालं, "खाल्ल्या घरचे वासे मोजतोस होय?"

ही म्हण आपण सगळे सहज वापरतो. अण्णांनी ती उच्चारली तेव्हा पन्नास वर्षांनंतरही त्यांचा आवाज फुटला. दिलेलं अन्न कधीतरी वसूल केलं जातं ही त्यांची कल्पना नव्हती, त्यांचा अनुभव होता. मी यावर भर देते आहे, कारण अशा माणसांना आपण "संशयी", "मानी", "हेकट" म्हणतो. त्यांनी एका काळी अचूक वाचलेली परिस्थिती ते आजही वाचत असतात. वाचन चुकीचं नाही, पान जुनं आहे.

मिंधेपणा

मानसशास्त्रात या भीतीचा अभ्यास अलीकडचा आहे. इंग्लंडमधले पॉल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन प्रश्नावल्या प्रसिद्ध केल्या. दुसऱ्याला करुणा देण्याची भीती, दुसऱ्याकडून ती घेण्याची भीती आणि स्वतःला ती देण्याची भीती, अशा तिन्ही वेगवेगळ्या मोजल्या. त्यांना आढळलं की घेण्याची भीती आणि स्वतःला देण्याची भीती बहुधा जोडीने येतात, आणि दोन्हींचा संबंध स्वतःला सतत बोल लावण्याशी आणि नैराश्याशी आहे. गिल्बर्ट यांची मांडणी अशी : माणसाच्या मेंदूत धोका ओळखणारी एक यंत्रणा, काहीतरी मिळवण्यामागे धावणारी दुसरी आणि जवळिकीतून शांत करणारी तिसरी असते. लहानपणी जवळीक आणि अपमान एकाच ताटात वाढले गेले, तर मोठेपणी मायेचा स्पर्श झाला की शांत करणाऱ्या यंत्रणेऐवजी धोक्याची घंटा वाजते.

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या प्रयोगांतली बाळं मला इथे आठवतात. आई थोडा वेळ खोलीबाहेर जाऊन परतली की काही बाळं तिच्याकडे बघतही नाहीत, खेळण्यातच रमल्यासारखी दिसतात. किती शहाणं बाळ, असं कोणालाही वाटेल. पुढच्या अभ्यासांत अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा ती आतून मुळीच शांत नव्हती. अण्णांकडे बघताना मला त्या ठोक्यांचं भान ठेवावं लागलं.

पण अण्णांच्या बाबतीत सगळ्यात नेमका शब्द मला कुठल्या प्रश्नावलीत सापडला नाही, तो आपल्याच भाषेत होता. मिंधा. उपकाराखाली दबलेला, त्यामुळे मान वर न करता येणारा. "मी कुणाचा मिंधा नाही" हे वाक्य त्यांनी १४ भेटींत इतक्या वेळा म्हटलं की शेवटी मी मोजायचं सोडलं. आपल्या घरांत लग्नाच्या आहेराची वही असते. कुणी काय दिलं ते लिहून ठेवायचं, म्हणजे त्यांच्या घरच्या कार्यात तेवढं किंवा थोडं वरचढ देता येतं. त्या वहीत वाईट काही नाही, नाती तिच्यावर टिकतात. अण्णांनी मात्र सगळं आयुष्य त्या वहीत बसवलं होतं. ताटाखालची ५० रुपयांची नोट हा सुनेचा अपमान नव्हता. कर्ज साचू नये म्हणून त्याच दिवशी केलेली ती परतफेड होती. हे मी सुनेला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ते मला सोमवारवाल्यांत धरतात?" तिचा प्रश्न बरोबर होता. मी हो म्हणाले.

देण्याची बाजू

इथवर ऐकून अण्णा कोरडे असावेत असं वाटेल. तसं नव्हतं. त्यांच्या गावच्या शाळेतल्या किमान नऊ मुलांची फी त्यांनी गुपचूप भरली होती. मुलाला हे त्यांच्या बँकेच्या पासबुकातून कळलं. मदत नेहमी मनीऑर्डरने, पाठवणाऱ्याच्या जागी शाळेचंच नाव. मुलं त्यांना कधी भेटली नाहीत. भेटूच नयेत अशी त्यांची व्यवस्था होती. घेणाऱ्याला मान खाली घालायला लावायची नाही, यासाठी केवढी ही काळजी.

पण तोच माणूस २०१५ मध्ये पत्नी कर्करोगाने अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्याजवळ बसू शकला नाही. औषधं, रिपोर्ट, रक्ताच्या बाटल्या, विम्याचे कागद यांत कुठे कसूर नाही. ती म्हणायची, "जरा बसा ना इथे." हे तांब्या भरून आणायला उठायचे. सुनेने हे रोज पाहिलं. मुलाच्या मनात वेगळी आठवण आहे. बारावीत नापास झाला तेव्हा तो रडत होता, अण्णा दारात उभे राहून म्हणाले, "रडून काय होतं? ऑक्टोबरचा फॉर्म भर." दुसऱ्या दिवशी फॉर्म आणि फीचे पैसे टेबलावर होते. मुलगा आज ४६ वर्षांचा आहे, बापाच्या खोलीत दोन मिनिटांहून जास्त थांबत नाही, आणि तोही दारातच उभा राहतो.

ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी अशा दोन घडणी नोंदवल्या आहेत. एका प्रकारचा माणूस कोणाचीच मदत न घेता जगतो, जणू तशी सक्ती आहे. दुसरा तितक्याच सक्तीने इतरांचं करत राहतो आणि स्वतःला काही हवं असू शकतं हेच विसरतो. अण्णांत दोन्ही एकत्र होत्या. मला बराच काळ वाटत होतं की देणं जमतंय, घेणं तेवढं अडलंय. सातव्या भेटीत हे मत बदलावं लागलं.

बुधवार

आठवड्याच्या नोंदी चाळताना सुनेने सांगितलं की बुधवारी रात्री अण्णा काहीच खात नाहीत. घरात सगळे त्याला बुधवारचा उपास म्हणत. कुठल्या देवाचा, ते कोणालाच माहीत नव्हतं. मी विचारलं. अण्णा खिडकीकडे बघत राहिले, मग बोलायला लागले ते तासभर.

बुधवारचं घर नदीकाठच्या पेठेत होतं. घर म्हणजे वाड्यातल्या दोन खोल्या. नवरा छापखान्यात, तीन मुलं. ती बाई याला ओसरीवर बसवायची नाही. स्वतःच्या मुलांच्या पंगतीत बसवायची आणि तव्यावरची पहिली पोळी पाहुणा म्हणून याच्या पानात टाकायची. कधी विचारलं नाही अभ्यास कसा चाललाय, कधी काम सांगितलं नाही. एकदा याचा सदरा फाटलेला दिसला तेव्हा "काढ" म्हणाली, टाका घातला, "घाल" म्हणाली. एवढंच. "तिथे मी दोन पोळ्या जास्त खायचो," अण्णा म्हणाले.

१२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली, आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये घुसलं. तो दिवस बुधवार होता. अण्णांची जागा उंचावर होती, ते वाचले. बुधवारचा वाडा पडला. माणसं जिवंत आहेत, कुणा नातेवाइकाकडे गेली आहेत, एवढं काही दिवसांनी कळलं. पत्ताही कळला होता, चालत जाण्याजोगा.

अण्णा गेले नाहीत.

"का?" मी विचारलं.

"रिकाम्या हाताने कसं जायचं, ताई? त्यांचं सगळं वाहून गेलेलं. मी पंधरा वर्षांचा, माझ्याकडे काय होतं? जाऊन काय देणार होतो?"

नोकरी लागल्यावर साडी घेऊन जायचं ठरवलं होतं. तोवर ती मंडळी पुणं सोडून गेली होती. पहिल्या पगारातली साडी पुढे पत्नीला दिली. बुधवारची रात्र मात्र रिकामी ठेवली.

हा उलगडा इतका नेटका आहे की सगळं प्रकरण यातच आहे असं म्हणून मोकळं होण्याचा मोह मला झाला. ते खरं ठरलं नसतं. पुराने अण्णांना घडवलं नाही. सोमवारच्या घराने आधीच बरंच घडवलं होतं, आणि वारावर जेवलेली कितीतरी मुलं पुढे हसतखेळत माया घेणारी माणसं झाली. पण "रिकाम्या हाताने कसं जायचं" या वाक्याने मला एक गोष्ट दाखवली, जी मी सात भेटींत पाहिली नव्हती. मोजता येतं तेच दिलं असं समजणाऱ्या माणसाला नुसतं जवळ बसणं हे देणं वाटतच नाही. म्हणून तो पूरग्रस्त घरी जात नाही, मरणाऱ्या पत्नीजवळ बसत नाही, रडणाऱ्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवत नाही. आणि दुसरा कोणी येऊन जवळ बसला, तर त्याचीही किंमत त्याला लावता येत नाही. म्हणून ती फेडता येत नाही. म्हणून ती नकोशी होते. देणं आणि घेणं दोन्ही एकाच जागी अडलं होतं.

सुनेचं आटलेलं मन

या काळात सूनही माझ्याशी स्वतंत्रपणे बोलत होती. तिने एकदा कबूल केलं, "आता मला त्यांचं काही वाटेनासं झालंय. ताट ठेवते आणि येते." हे सांगताना तिला स्वतःची लाज वाटत होती. मला त्यात लाजण्यासारखं काही वाटत नाही. घेणारा हात मागे घेत असेल तर देणारा हातही काही काळाने आखडतो. त्यात तिच्या रात्रपाळ्या. दुसऱ्याच्या दुःखाने आपणच होरपळत राहणं आणि त्याच्याबद्दल करुणा वाटणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली माणसाला थकवून पळवून लावते, आणि शुश्रूषेच्या नोकरीत तीच जास्त वाट्याला येते.

घाईचाही वाटा होता. अमेरिकेत प्रिन्स्टनमध्ये धर्मशास्त्र शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन बोलायला सांगितलं, काहींना "उशीर झालाय, पळा" म्हटलं. वाटेत एक माणूस दारात कण्हत वाकून पडलेला, तो प्रयोगाचाच भाग. ज्यांना वेळ होता त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले, ज्यांना घाई होती त्यांच्यापैकी १० टक्के. मी सून आणि मुलगा दोघांच्या दिवसाचं वेळापत्रक मांडून घेतलं. अण्णांच्या खोलीत कोणीही बसण्यासाठी येत नव्हतं, सगळे काहीतरी ठेवायला किंवा उचलायला येत होते. अण्णांनी पत्नीबरोबर जे केलं, तेच आता सगळं घर अण्णांबरोबर करत होतं, आणि कोणाच्याच मनात वाईट काही नव्हतं.

काय केलं

आधी वजन. ७८ वर्षांचं शरीर हाड जुळवताना प्रथिनं मागतं, आणि ते थांबत नाही, मनाचा गुंता सुटेपर्यंत तर नाहीच. म्हणून मी अण्णांच्या वहीशी भांडायचं सोडलं आणि त्या वहीतच एक रकाना मागितला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तिचं ब्रीद स्वावलंबी शिक्षण, आणि "कमवा आणि शिका" ही तिची ओळख. मुलांनी श्रम करायचे, त्यावर शिकायचं, कोणाचं मिंधं राहायचं नाही. अण्णांना भाऊरावांबद्दल अपार आदर होता. "तिकडे गेलो असतो तर बरं झालं असतं," असं ते एकदा बोलून गेले होते. तेव्हा आम्ही ठरवलं : सकाळी नातीचं गणित, दुपारी शेंगा सोलणं, तांदूळ निवडणं, कोथिंबीर निवडणं. त्यानंतर जेवण. नोट ठेवायची नाही, काम झालं आहे.

माझ्या एका सहकाऱ्याने याला हरकत घेतली. म्हातारपणी माणसाला जेवण कमवायला लावणं म्हणजे त्याच्या आजाराला खतपाणी. हरकत खोटी नव्हती. पण दोन आठवड्यांत ताट रिकामं परत येऊ लागलं, आणि मला आधी ते हवं होतं. सून वाटीत अंडं, कधी दाण्याची आमटी, कधी दही वाढवत गेली. मार्चअखेर वजन ५२.५.

दुसरा बदल कोणी ठरवून केला नाही. नात चिक्की खाताना अर्धी तोडून त्यांच्या तोंडात घालायची, आणि ते खायचे. मोठ्यांपैकी कोणाच्या हातून घोटभर पाणी न घेणारा माणूस आठ वर्षांच्या मुलीच्या उष्ट्या हातून चिक्की खातो, हे मी पाहिलं तेव्हा सुनेला सांगितलं, यात ढवळाढवळ करू नका, कौतुकही करू नका. पुढे मी अण्णांना विचारलं, तिचं कसं काय चालतं? ते म्हणाले, "ती कुठे लिहून ठेवते?" मग स्वतःच थांबले. मी काही बोलले नाही. बुधवारची बाईही लिहून ठेवत नव्हती, हे त्यांचं त्यांनाच आठवलं असावं, कारण पुढच्या भेटीत ते तिच्याबद्दल बोलले तेव्हा साडीचा विषय निघाला नाही, तव्यावरच्या पोळीचा निघाला.

तिसरी गोष्ट मुलासाठी होती. मी त्याला एवढंच सांगितलं : दिवसातून दहा मिनिटं खोलीत जा, खुर्चीवर बस, हातात काही नेऊ नकोस, काही विचारू नकोस. पहिला आठवडा दोघांनाही भयंकर गेला. मुलगा म्हणाला, "बाबा मला म्हणतात, काही काम होतं का?" तिसऱ्या आठवड्यात दोघं मिळून शब्दकोडं सोडवायला लागले. त्याला मी यश म्हणावं की पुन्हा कामाच्या आड लपणं म्हणावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मिळालं नाही असंही बरंच आहे. पत्नीच्या शेवटच्या दिवसांबद्दल अण्णा बोलायला तयार झाले नाहीत, मीही रेटलं नाही. स्वतःवर करुणा ही गोष्ट त्यांना पटत नाही. पंधरा वर्षांचा तो मुलगा समोर असता तर त्याला काय म्हणाल, असं मी विचारलं, तर म्हणाले, "जायला हवं होतंस, असं म्हणेन." रात्री हाक मारण्याऐवजी ते आता काठी जमिनीवर आपटतात. मुलगा उठतो. बुधवारी रात्री अजूनही जेवत नाहीत, आणि ते कोणी बदलू पाहत नाही. दुपारी पोटभर जेवतात.

जूनमधल्या शेवटच्या भेटीत वजन ५४.५ होतं. सुनेने सांगितलेला एक प्रसंग मी माझ्या नोंदीत तिच्याच शब्दांत लिहून घेतला, तो असा : "मागच्या आठवड्यात नाइट करून आले तर ताप होता, तशीच पडले. जाग आली तर अण्णा पलंगाशेजारी खुर्चीत. वॉकर बाजूला लावलेला. मला वाटलं, काही हवंय. म्हटलं, अण्णा, चहा टाकू का? तर म्हणाले, पड तू. पाणी आणलं नव्हतं, गोळी आणली नव्हती. नुसतेच बसले होते, अर्धा-पाऊण तास तरी."